श्वास सुधारला, मृत्यू वाढले: ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीचं प्रकरण

१३ मे २०१५ रोजी रेसमेड या कंपनीने एक निवेदन काढलं. झोपेतल्या श्वासाच्या तक्रारींवर यंत्रं बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी ही एक. तिच्याच पैशावर चाललेल्या ‘सर्व्ह-एचएफ’ या मोठ्या चाचणीत, तिचंच यंत्र रोज रात्री वापरणाऱ्या हृदयरुग्णांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसत होते. यंत्र न वापरणाऱ्या गटात दर वर्षी शंभरातले साडेसात जण हृदयविकाराने जात होते, तर यंत्र वापरणाऱ्या गटात दहा. अशा रुग्णांना हे यंत्र नव्याने सुरू करू नका आणि आधीपासून वापरत असलेल्यांना बोलावून घ्या, असा निरोप जगभरच्या डॉक्टरांकडे गेला.

झोपेच्या वैद्यकशास्त्रात तोवर इतका मोठा धक्का क्वचितच कोणी पाहिला असेल. कारण यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. झोपेत श्वास थांबण्याचं प्रमाण तासाला सरासरी ३१ वेळा होतं, ते वर्षभरानंतर ६.६ वर आलं होतं. कागदावर बघणाऱ्याला आजार जवळपास गेलाच होता.

आधी आजार समजून घेऊ

स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबणं, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोरणारा माणूस येतो, आणि ते बरोबरच आहे. बहुतेकांना होतो तो अडथळ्याचा अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, छाती-पोट श्वासासाठी झटत राहतात पण हवा आत जात नाही. मुंबईत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात मध्यमवयीन शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांमध्ये झोपेतल्या श्वासाचा दोष सापडला होता, आणि ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसा झोप येण्याचा त्रासही होता. म्हणजे हा घरोघरचा आजार आहे. त्यावरचा उपाय म्हणजे सीपॅप. मास्कमधून सतत हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो पहिल्यांदा मांडला.

सर्व्ह-एचएफमधला आजार वेगळा होता. तो ‘सेंट्रल’ म्हणजे मेंदूकडून येणारा अ‍ॅप्निया. घसा मोकळा असतो, पण श्वास घ्या असा हुकूमच मेंदूकडून येत नाही. स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेत श्वासाची नोंद ठेवणाऱ्या तपासणीच्या, पडद्यावर दोन्हींतला फरक लगेच कळतो. अडथळ्याच्या अ‍ॅप्नियात हवेची रेघ सपाट होते, पण छाती आणि पोटावरच्या पट्ट्यांच्या रेघा हलत राहतात. सेंट्रलमध्ये तिन्ही रेघा एकदम सपाट होतात. पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ काहीच हालचाल नाही. मग एक बारीकशी लाट उठते, पुढची मोठी, त्यापुढची आणखी मोठी, माणूस धापा टाकायला लागतो, आणि लाटा पुन्हा लहान होत होत सपाट. ऑक्सिजनची रेघ या सगळ्याच्या मागून, जरा उशिराने खाली उतरते आणि वर चढते. रात्रभर हेच चक्र चालू राहतं.

डब्लिनमध्ये जॉन चेन यांनी १८१८ साली एका रुग्णाचा श्वास असाच टिपून ठेवला होता. पाव मिनिट श्वास पूर्ण बंद, मग मंद, मग जोराचा, मग पुन्हा बंद, आणि अशी एक फेरी साधारण मिनिटाची. हातात घड्याळ आणि समोर रुग्ण, एवढ्यावर केलेलं ते निरीक्षण आजही पडद्यावरच्या रेघांशी तंतोतंत जुळतं. विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये त्याचं नातं दुर्बळ हृदयाशी जोडलं. तेव्हापासून दोघांच्या नावाने हा चेन-स्टोक्स श्वास ओळखला जातो.

हृदय दुबळं झालं की असं का होतं? आपल्याकडे टू-डी इको करून आलेला माणूस सांगतो, “पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय.” हे पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, कमी झालं की फुफ्फुसांत पाणी साचू लागतं, त्याने फुफ्फुसांतल्या मज्जातंतूंना चाळवल्यासारखं होतं आणि माणूस गरजेपेक्षा थोडा जास्तच श्वास घेत राहतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. तो एका पातळीखाली गेला की झोपलेला मेंदू श्वासाचा हुकूम थांबवतो. आता कार्बन डायऑक्साइड पुन्हा चढू लागतो, पण रक्ताची गाडी मंद असल्यामुळे फुफ्फुसांतली बातमी मेंदूकडे उशिराच पोहोचते. खाली मोटर चालवणारा एक आणि गच्चीवरच्या टाकीत डोकावणारा दुसरा, आणि वरचा “भरली” म्हणून ओरडेपर्यंत पाणी वाहू लागलेलं असतं, तशी ही गत आहे. बातमी उशिरा येते म्हणून मेंदू दर वेळी जास्तीची उडी मारतो. आधी फार कमी, मग फार जास्त.

यंत्र काय करत होतं

एएसव्ही, म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह सर्व्हो-व्हेंटिलेशन, हे सीपॅपचं हुशार भावंड. चाचणीतलं यंत्र रुग्ण गेल्या काही मिनिटांत सरासरी किती हवा घेतोय ते मोजत राहायचं आणि त्याच्या ९० टक्के हे लक्ष्य धरायचं. श्वास मंदावला की यंत्र प्रत्येक श्वासामागे दाब वाढवायचं, श्वास जोरात आला की दाब कमी करायचं, आणि श्वास थांबलाच तर स्वतःच्या गतीने श्वास द्यायचं. लाटेच्या खड्ड्यात भर घालायची आणि उंचवटा कापायचा, की रेघ सारखी होते.

आणि ती होत होतीही. २००१ मध्ये हृदय दुबळं असलेल्या अवघ्या १४ रुग्णांवर एकेक रात्र ऑक्सिजन, सीपॅप, दुहेरी दाबाचं यंत्र आणि एएसव्ही वापरून पाहिलं गेलं. एएसव्हीने बाकी सगळ्यांना मागे टाकलं. २००३ मधल्या ३० रुग्णांच्या अभ्यासात दिवसाची झोप कमी झाली आणि हृदयावरचा ताण सांगणारी रक्तातली रसायनंही उतरली. छोट्या अभ्यासांतून येणारं चित्र एकाच बाजूला झुकत होतं.

आता हे जोडायला सोपं होतं. चेन-स्टोक्स श्वास असलेले हृदयरुग्ण लवकर जातात, हे ठाऊक होतं. यंत्र चेन-स्टोक्स श्वास घालवतं, हेही दिसलं होतं. तेव्हा यंत्र त्यांचं आयुष्य वाढवेल, असं वाटायला आणखी काय हवं? इथेच घोडं पेंड खातं. दोन गोष्टी सोबत दिसतात म्हणून त्यातली एक दुसरीमुळेच घडते असं होत नाही, पण हे सूत्र पाठ असलेले लोकही समोरचा आकडा सुधारला की ते विसरतात.

इशारा आधी मिळाला नव्हता असंही नाही. कॅनडात टोरांटोच्या डग्लस ब्रॅडली यांच्या पुढाकाराने झालेल्या कॅनपॅप चाचणीत २५८ रुग्णांवर साधा सीपॅप वापरून पाहिला होता. २००५ मध्ये निकाल आला. श्वास थांबण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, पंपिंग किंचित सुधारलं, चालण्याचं अंतर थोडं वाढलं, पण मृत्यू दोन्ही गटांत सारखेच. शिवाय पहिल्या काही महिन्यांत यंत्राच्या गटातले मृत्यू जास्त दिसत होते आणि नंतर ती रेघ उलटली. पुढे २००७ मध्ये त्याच आकडेवारीची पुन्हा चाळणी झाली. सीपॅपने ज्यांचं श्वास थांबणं तासाला १५ च्या खाली आलं ते जास्त जगले, असं त्यात निघालं. यावरून बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की सीपॅप कमी पडतो, श्वास नीट दाबून धरणारं यंत्र आणलं तर जमेल. माझ्या मते हीच या प्रकरणातली खरी गंमत. उपाय लागू पडलेले रुग्ण मुळातच कमी आजारी असू शकतात, ही शंका तेव्हाही घेता आली असती, आणि काहींनी ती घेतलीही.

चाचणी आणि तिचे आकडे

सर्व्ह-एचएफमध्ये २००८ ते २०१३ या काळात ९१ केंद्रांतून १,३२५ रुग्ण घेतले गेले. पंपिंग ४५ टक्के किंवा त्याहून कमी, श्वास थांबणं तासाला किमान १५ वेळा, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त सेंट्रल प्रकारचं, अशा अटी होत्या. सरासरी वय सत्तरीच्या आसपास, सरासरी पंपिंग ३२ टक्के, आणि दहातले नऊहून जास्त पुरुष. सगळ्यांची हृदयाची औषधं चालूच होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी होऊन ६६६ जणांना त्या औषधांसोबत एएसव्ही मिळालं, ६५९ जणांना नाही. रात्री किमान पाच तास वापरा, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सरासरी साडेतीन तासांच्या आसपासच वापर झाला. मास्क लावून झोपलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

मुख्य निकाल एका मिश्र कसोटीवर ठरणार होता: मृत्यू, हृदय प्रत्यारोपण किंवा थांबलेलं हृदय पुन्हा सुरू करण्यासारखे जीव वाचवणारे उपाय, अथवा हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा दुबळेपणा, बळावून तातडीने दाखल होणं. यांपैकी जे आधी घडेल ते मोजायचं. या कसोटीवर यंत्राच्या गटात ५४.१ टक्के आणि दुसऱ्या गटात ५०.८ टक्के. हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा होता. इतकंच पाहिलं असतं तर “फायदा नाही, तोटा नाही” म्हणून फाइल बंद झाली असती.

पण मृत्यू वेगळे काढून मोजले तेव्हा चित्र बदललं. यंत्राच्या गटात २३२ मृत्यू, दुसऱ्या गटात १९३. त्यांतले हृदयाशी संबंधित मृत्यू १९९ आणि १५८. आता वजाबाकी करून पाहा. हृदयाशी संबंध नसलेले मृत्यू उरतात ३३ आणि ३५. म्हणजे कॅन्सरने, जंतुसंसर्गाने, इतर कारणांनी दोन्ही गटांतली माणसं जवळपास सारख्याच संख्येने गेली. जे काही जास्तीचं घडलं ते सगळं हृदयाच्या खात्यावर. हृदयविकाराने मृत्यूचा धोका यंत्राच्या गटात ३४ टक्क्यांनी जास्त होता, आणि हा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात सहा एवढीच होती.

दुसरी गोष्ट मला याहून बोलकी वाटते. हार्ट फेल्युअर बळावून दाखल होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास तेच होतं. सूज वाढली, धाप वाढली, दवाखान्यात नेलं आणि तिथे गेला, असं या जास्तीच्या मृत्यूंचं रूप नव्हतं. पुढे २०१६ मध्ये याच आकडेवारीचा वेगळ्या पद्धतीने अभ्यास झाला, तेव्हा हेच नेमकं दिसलं. वाढलेले मृत्यू होते ते आधी दाखल न होता, अचानक आलेले, आणि पंपिंग ३० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्यांमध्ये धोका सगळ्यांत जास्त. दाखल होण्याचे आकडे पाहून गाफील राहणाऱ्याला हा धोका कधीच दिसला नसता.

रुग्णाला स्वतःला काय जाणवत होतं? दिवसाची झोप थोडी कमी झाली. आयुष्याच्या दर्जात फरक नाही. सहा मिनिटांत चालण्याचं अंतर दोन्ही गटांत घटलं, आणि यंत्राच्या गटात जरा जास्तच. १ सप्टेंबर २०१५ रोजी लंडनमध्ये युरोपियन हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत मार्टिन कोवी यांनी हे सगळं मांडलं आणि त्याच दिवशी ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालं.

मग मारलं कशाने?

यावर आजही एकमत नाही. दोन प्रमुख तर्क आहेत.

पहिला असा की चेन-स्टोक्स श्वास हा आजार नसून दुबळ्या हृदयाने शोधलेली तडजोड असेल. मेलबर्नचे मॅथ्यू नॉटन यांनी निकाल येण्याच्या तीन वर्षं आधी, २०१२ मध्येच, हा श्वास मित्र की शत्रू असा प्रश्न लिहून ठेवला होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या श्वासाचे काही फायदे संभवतात: श्वासाच्या स्नायूंना मधूनमधून विश्रांती, जोराच्या श्वासामुळे फुफ्फुसांतली हवेची राखीव जागा वाढणं, रक्तातली आम्लता आटोक्यात राहणं. ही तडजोड यंत्राने मोडून काढली असेल, तर हृदयाचा एक आधार गेला.

दुसरा तर्क दोष यंत्राच्या दाबावर टाकतो. छातीत बाहेरून दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. तुडुंब भरलेल्या हृदयाला हे सोसतं, कधी मानवतंही, पण औषधांनी आधीच हलकं झालेल्या हृदयाला तेवढा फटका पुरतो. त्यात चाचणीतल्या यंत्राची मांडणी अशी होती की रुग्ण व्यवस्थित श्वास घेत असतानाही किमान ३ सेंटिमीटर पाण्याइतका जादा आधार प्रत्येक श्वासामागे मिळायचाच. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त हवा आत जाऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी उतरला आणि हृदयाचे ठोके बिघडायला वाव मिळाला, अशी शंका आहे. अचानक मृत्यूंशी ती जुळते. सिद्ध मात्र झालेली नाही.

निकाल न पटणाऱ्यांनी बोट ठेवलं ते चाचणीच्या कच्च्या दुव्यांवर. कोणाला यंत्र आहे हे सगळ्यांना माहीत होतं, बऱ्याच जणांनी यंत्र मधेच सोडलं, काहींनी ते वाट्याला आलेलं नसताना घेतलं, वापर कमी झाला. हे आक्षेप बिनबुडाचे नाहीत. पण कमी वापर असेल तर यंत्राचा परिणाम, चांगला किंवा वाईट, झाकला जायला हवा, मृत्यू वाढायला नकोत. प्रत्यक्ष वापर धरून नंतर पुन्हा मोजणी केली तेव्हाही हृदयमृत्यूंचा वाढलेला धोका तसाच राहिला. मला तरी त्यानंतर “वापर कमी होता” हा बचाव लंगडा वाटतो.

हृदयरोगतज्ज्ञांच्या जुन्या पिढीला हे सगळं ओळखीचं वाटलं असणार. हार्ट अटॅकनंतर ठोके चुकणाऱ्यांना एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं दिली की चुकलेले ठोके ईसीजीवरून पुसले जायचे. कास्ट नावाच्या चाचणीने ती पारखली आणि १९९१ मध्ये आकडे छापले: औषध घेतलेल्या ७५५ पैकी ६३ जण गेले, नकली गोळी घेतलेल्या ७४३ पैकी २६. तिथेही आकडा सुधारला होता आणि माणसं दगावली होती. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं आपण सहज म्हणून जातो. इथे तो तक्त्यात मांडून दाखवला गेला.

त्यानंतर

२०१६ पर्यंत युरोपच्या हृदयरोग मार्गदर्शिकेने आणि अमेरिकेच्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने पंपिंग ४५ टक्के किंवा कमी असलेल्या, मुख्यतः सेंट्रल अ‍ॅप्निया असलेल्या रुग्णांना एएसव्ही देऊ नये असं लिहून टाकलं. एएसव्हीच्याच दुसऱ्या एका चाचणीत, कॅट-एचएफमध्ये, नवे रुग्ण घेणं १२६ वर थांबलं.

कंपनीबद्दल एक शब्द बोलायला हवा. आपल्याच यंत्राविरुद्धचा निकाल रेसमेडने पूर्ण शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता महिने आधी जाहीर केला. यात उपकार नाहीत, ते कर्तव्यच होतं. पण वैद्यकीय चाचण्यांच्या इतिहासात खिशाला चाट लावणारे निकाल किती वेळा कपाटात गेले आहेत हे पाहिलं, की त्याची नोंद घ्यावीशी वाटते.

टोरांटोच्या ब्रॅडली यांची अ‍ॅडव्हेंट-एचएफ ही चाचणी मात्र चालू राहिली. तिच्यात दुसऱ्या कंपनीचं, फिलिप्सचं यंत्र होतं. ते सरासरी हवेवर न चालता प्रत्येक श्वासाच्या कमाल वेगावर चालायचं आणि दाब सौम्य ठेवायचं. तिचा शेवट अनपेक्षित वळणाने झाला. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली लाखो श्वासयंत्रं परत मागवली, कारण आवाज दाबण्यासाठी बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती. चाचणी त्यामुळे लवकर गुंडाळावी लागली. ७३१ रुग्णांचे निकाल २०२४ मध्ये लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिनमध्ये आले. मुख्य कसोटीवर फायदा नाही, पण मृत्यूही वाढले नाहीत, आणि झोपेचा दर्जा व तक्रारी सुधारल्या. सर्व्ह-एचएफमधला घात त्या यंत्राचा, त्या दाबाचा, की त्या रुग्णांचा, हा प्रश्न यामुळे आणखी अवघड झाला आहे. अ‍ॅडव्हेंटमध्ये बहुसंख्य रुग्ण अडथळ्याच्या अ‍ॅप्नियाचे होते. सेंट्रल प्रकारचे १९८ होते, आणि त्या एवढ्याशा संख्येवर छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

घरी सीपॅप असलेल्यांसाठी एवढंच सांगायचं आहे. अडथळ्याच्या अ‍ॅप्नियावरच्या साध्या सीपॅपला हे प्रकरण लागू होत नाही, तेव्हा हे वाचून कोणी मास्क काढून कपाटात ठेवू नये. सीपॅपनेही हृदयाचे झटके टळतात का, हा वेगळा वाद आहे. भारतासह सात देशांत, हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७१७ रुग्णांवर झालेल्या सेव्ह चाचणीत, २०१६ मध्ये, सीपॅपने झटके कमी झाले नाहीत, पण घोरणं, दिवसाची झोप आणि मनःस्थिती सुधारली. तिथेही रात्रीचा सरासरी वापर साडेतीन तासांच्या आतच होता. ज्यांच्या घरी पंपिंग कमी असलेला रुग्ण आहे आणि ज्यांच्या स्लीप स्टडीच्या अहवालात ‘सेंट्रल’ किंवा ‘चेन-स्टोक्स’ असा शब्द दिसतो, त्यांनी यंत्र विकत घेण्याआधी तो अहवाल आणि इकोचा कागद दोन्ही एकदम हृदयरोगतज्ज्ञ आणि चेस्ट फिजिशियन यांच्यासमोर ठेवावेत. बऱ्याचदा एक कागद एकाकडे असतो आणि दुसरा दुसऱ्याकडे.